विलगीकरण कोणाचे?

एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने एक वेगळा निर्णय जाहीर केला. कोरोनाच्या टाळेबंदीत बायकोला मारहाण करणाऱ्याला समज द्यायची. तरी ऐकले नाही तर त्याची रवानगी संस्थात्मक विलगीकरणात करायची. त्यासाठी गावोगावी महिलांच्या दक्षता समित्या नेमायच्या. एरवी रीत उलटी असते. मार खाल्लेल्या बाईनेच पिशवी भरायची, लेकरे घ्यायची आणि माहेर गाठायचे.

पुणे जिल्ह्यातल्याच तळेगाव दाभाडेच्या भाड्याच्या खोल्यांतून तेव्हा माहेर गाठणार कसे? नवलाख उंब्रे, आंबी, मंगरूळच्या शिवारात एमआयडीसी उभी राहिली आणि मराठवाडा-विदर्भातून कंत्राटी कामगारांची कुटुंबे इथे आली. मार्च २०२० मध्ये कारखाने थांबले, लोणावळा लोकलही थांबली. ज्याची हजेरी नाही, त्याला पगार नाही. सोसायट्यांची फाटके बंद झाली आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचे महिन्याचे पैसेही थांबले. या दोन नुकसानांत दुसऱ्याची चर्चा फारच कमी झाली. तिच्या हातातली ती रक्कम लहान असेल, पण वेळ आली तर एसटीचे तिकीट काढायला तीच उपयोगी पडते.

बेकारीमुळे पुरुष हात उगारतो, हे स्पष्टीकरण आम्हाला मान्य नाही. काम गेलेल्या असंख्य कामगारांनी उपाशी राहूनही घरात आवाज चढवला नाही. त्यांच्यावर हा अन्याय आहे. तंगीने मारणारा जन्माला येत नाही, मार खाणारीची वाट मात्र बंद होते.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या २५ दिवसांत १२३ आल्या होत्या. आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअॅप क्रमांकही दिला. पण घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला काही सांगितले.

जिल्हा परिषदेच्या निर्णयामागचे तत्त्व कायद्यात आधीपासूनच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ नुसार न्यायालय पुरुषाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते. घर भाड्याचे असले तरी. कलम २० नुसार खर्चाचे पैसे मागता येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तिथे राहण्याचा सुनेचा हक्क त्यामुळे आपोआप संपत नाही. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी, असेही कायदा म्हणतो.

हा अर्ज करायला मदत करणारा संरक्षण अधिकारी तळेगावातल्या किती बायकांना ठाऊक आहे? शिवाय जिल्हा परिषदेची हद्द गावांपुरती. तळेगाव शहरात नगर परिषद. त्यामुळे शहरातल्या चाळींसाठीही अशा समित्या हव्यात, आणि त्यात बचत गटातल्या, घरकाम करणाऱ्या बाया हव्यात, कारण कोणत्या खोलीतून आवाज येतो हे त्यांनाच आधी कळते. आणि पुन्हा कधी टाळेबंदी लागलीच, तर अत्यावश्यक सेवेच्या पासांच्या यादीत संरक्षण अधिकाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी असले पाहिजे.