शेवट ज्याचा त्याला

वर्षभर एक वाक्य माझा पिच्छा पुरवतंय. ‘बाकी सगळं छान होतं हो, पण शेवट बदलायला हवा होता.’ सिनेमागृहाच्या जिन्यात ते ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही वाचलं. गेल्या दिवाळी अंकातल्या एका दीर्घकथेतली सून सासर सोडते, पण माहेरी जात नाही. भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडते आणि कथा संपते. त्यावर आलेल्या एका पत्रात, तिला माहेरी पोचवून कथा पुन्हा छापावी अशी सूचना होती. सोबत दोन परिच्छेदही होते, सुवाच्य अक्षरात, वडिलांनी दार उघडलं तिथपासून पुढचे. त्या पत्रामागे प्रेम आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण याच प्रेमाचं जे रूप यंदा बाजारात उतरलं, त्याने मी अस्वस्थ आहे, म्हणून यंदाचं संपादकीय त्यावरच.

लिहिण्यासारखं दुसरंही होतं. सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर भागात उभी पिकं पाण्याखाली गेली. तिथल्या किती घरांत यंदा दिवाळी नावालाच असेल. पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि जूनअखेर सरकारला शासन निर्णय मागे घ्यावा लागला. एक्क्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी ‘दशावतार’साठी मराठी प्रेक्षकाला थिएटरात खेचून आणलं. यांवर अंकात जाणकारांनी लिहिलं आहे.

मी बोलतोय ते १ ऑगस्टबद्दल. २०१३ सालचा ‘रांझणा’ त्या दिवशी ‘अंबिकापती’ या नावाने तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटात बनारसचा कुंदन शेवटी मरतो. जगावंसं वाटत नाही म्हणून मरतो, आणि त्याचं ते थकलेलं मनोगत हाच त्या चित्रपटाचा कळस आहे. नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याला रुग्णालयातल्या खाटेवर डोळे उघडायला लावले. दिग्दर्शक आनंद एल. राय यांना विचारलं नव्हतं, नट धनुषने जाहीर विरोध केला, पण हक्क निर्मिती कंपनीकडे होते आणि कायदा तिच्या बाजूने असल्याचं तिचं म्हणणं होतं. तसं असेलही. पण जो प्रसंग धनुषने कधी केलाच नाही, तो त्याच्या चेहऱ्याने पडद्यावर झळकला, आणि काही प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला जास्त लागल्या.

योगायोग असा, की याच वर्षी ‘शोले’चा हिरावून घेतलेला शेवट परत आला. जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या इथल्या महोत्सवात ‘शोले’ची डागडुजी केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली. १९७५ साली आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चालणार नव्हतं, म्हणून ऐनवेळी पोलीस येतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो, ठार करतो, आणि मग ढसाढसा रडतो. सूड पुरा झाला आणि आता या माणसाला जगायला कारण उरलेलं नाही, हे त्या रडण्यात आहे. ते पडद्यावर यायला पन्नास वर्षं लागली.

‘शोले’वर दुसरं एक संकट आलं होतं, ते मात्र टळलं. पहिल्या काही दिवसांत चित्रपट पडला अशी हाकाटी झाली, तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट बदलावा का, याचा खल निर्मात्यांच्या गोटात झाला होता. थोडं थांबू, असं ठरलं. जय जगला असता तर तो गेल्यावर राधेने बंद केलेली ती खिडकीही गेली असती.

प्रेक्षकाने मत देऊ नये असं मी म्हणत नाही. रागवावं, भांडावं, तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून सांगावं. ‘सैराट’ यंदा मार्चमध्ये पुन्हा लागला. त्याचा शेवट आठवा. आवाज थांबतो. ते पोर घरात जातं, आईबापांना पाहतं आणि रडत बाहेर येतं. त्याच्या पावलांचे लाल ठसे तेवढे फरशीवर उमटत जातात. ‘नको होतं हे,’ असं म्हणत लोक बाहेर पडले, आणि त्यांनी तसं म्हणावं यासाठीच तो शेवट आहे. हिंदीत ‘धडक’ करताना तो बदलला, मुलीला जिवंत ठेवलं. आज चर्चा कोणत्या शेवटाची होते, ते वाचकांना सांगायला नको.

१९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांच्या शालूंवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राने त्यांना सिंधूच्या फाटक्या लुगड्यात पाहिलं, मरताना पाहिलं, आणि पुन्हा तिकीट काढलं. ही आपली परंपरा आहे.

आणि प्रेक्षकांची मागणी न्याय्य असू शकते, याचाही दाखला आहे. १९८८ साली दूरदर्शनची ‘रामायण’ मालिका राज्याभिषेकापाशी संपली, तेव्हा पंजाबात आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. सीतेला आसरा देणारे वाल्मीकी ज्या कांडात आहेत, तेच वगळून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारला नमावं लागलं आणि पुढचं कथानक आलं. त्या माणसांनी गोष्ट गोड करून मागितली नव्हती. त्यांनी ती पुरी मागितली होती.

आजच्या मराठी मालिकांना शेवटच उरलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. वर गेले की दोन महिन्यांत उरकणारं लग्न वर्षभर लांबतं, खाली आले की पंधरा दिवसांत गाशा गुंडाळला जातो आणि खलनायिकेला एका भागात पश्चात्ताप होतो. चाहत्यांच्या संदेशांवर उद्याचा प्रसंग लिहिणाऱ्या लेखकाची अवस्था मी जवळून पाहिली आहे. शेवट ठाऊक नसल्याने तो सुरुवातही मनासारखी करू शकत नाही.

चाहत्यांचं खरं प्रेम पाहायचं असेल तर सप्टेंबरातल्या गुवाहाटीकडे पाहावं. आपण गेल्यावर ‘मायाबिनी’ हे गाणं म्हणा, असं आसामी गायक झुबिन गर्ग म्हणून गेला होता. त्याच्या मृत्यूनंतर रस्त्यांवर लोटलेल्या माणसांनी तेच गाणं म्हटलं, त्याने सांगितलं तसंच.

यंदाच्या कथाविभागाचं सूत्र ‘शेवट’ हेच आहे. एकाही लेखकाला आम्ही शेवट बदलायला सांगितलेला नाही. काही शेवट तुम्हाला खुपतील, एखादा मलाही खुपला आहे. आमची पत्रपेटी तुमच्यासाठी उघडी आहे. कथा का पटली नाही ते सविस्तर, कारणासह लिहा. निवडक पत्रं आम्ही छापू आणि लेखकापर्यंत प्रत्येक पत्र पोचवू. एवढंच करा, की कथा बदलून मागू नका.



— संपादक