चाच्यांचा खजिना, आईची वेठबिगारी

राणीसावरगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथल्या लेकरांनी पाहिलेले सगळ्यात मोठे पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, आणि उन्हाळ्यात तिचीही वाळूच जास्त दिसते. तरीही तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साडेतीन-चार वर्षांच्या मुलांसाठी 'घरी करायचे उपक्रम' म्हणून जो संच मोबाईलवर धाडला, त्याचा विषय होता 'पायरेट'. काळ्या कार्डशीटची टोपी, एका डोळ्यावरची पट्टी, पुठ्ठ्याची दुर्बीण, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला नकाशा, चमकी कागदाची सोन्याची नाणी. मुलाने पावले मोजत फुलीपर्यंत जायचे, खजिना शोधायचा, नाणी मोजायची. शेवटी सूचना : पालकांनी फोटो काढून रविवारपर्यंत ग्रुपवर टाकावा.

मराठीत पायरेट म्हणजे समुद्री चाचा. आमच्याकडे चाचा म्हणजे शेजारचे काका. "ताई, चाचा लुटारू कसा काय? लेकराला काय सांगू?" असे एका आईने विचारले, तेव्हा आम्ही दोघी हसलो. पण तिचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "हे सगळं करायचं कधी?"

आधीच स्पष्ट करते, माझा खेळाला विरोध नाही. या संचात मुलाला शिकण्यासारखे बरेच आहे. पावले मोजताना अंकांची ओळख होते. उजवीकडे, डावीकडे, मागे, पुढे हे शब्द अंगात मुरतात. कात्री चालवताना बोटांना पुढे पेन्सिल धरण्याची ताकद येते. नकाशावरची फुली म्हणजे प्रत्यक्षातली एक जागा, हे कळणे ही तर वाचायला शिकण्याचीच पहिली पायरी. बालवाडीत, प्रशिक्षित बाईंच्या देखरेखीखाली, वीस मुलांनी मिळून हा खेळ खेळावा. माझा प्रश्न एवढाच आहे, की बालवाडीचे हे काम घरी का आले, आणि घरी ते कोणाच्या डोक्यावर पडले?

सूचनेत शब्द असतो 'पालक'. मैत्रिणींनो, हा मोठा फसवा शब्द आहे. ऐकायला आई-बाप दोघेही वाटतात, पण कात्री, खळ आणि मोबाईल घेऊन बसते ती आईच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे या बिनमोबदला कामात जातात असे दिसले. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची मिनिटे ८८. मुलांचे संगोपन यात धरलेले नाही, ते वेगळे मोजले आहे. म्हणजे जवळजवळ पाच तास राबून झाल्यावर बाईने चहाच्या पाण्यात नकाशा बुडवायला बसायचे. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी असते, हे त्या संच बनवणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांना मात्र नक्की ठाऊक आहे.

शासनाच्या भाषेत निदान लपवाछपवी नाही. २०२२ मध्ये राज्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. त्यात गावोगावी 'माता-पालक गट' करून घरी घेण्याच्या कृतींची कार्डे दिली गेली. कृती साध्या, घरातल्याच वस्तूंच्या. त्यांना माझी हरकत नाही. पण गट मातांचे. बापांचे गट करावेत असे कोणाला सुचले नाही. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्यासोबत जात्यावर दळायला प्रत्यक्ष विठोबा बसला, ही कथा या तालुक्यात लहानथोरांना पाठ आहे. घरोघरच्या विठोबांना मात्र जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावावासा वाटत नाही.

मग होते काय? जिला इंग्रजी वाचता येत नाही ती शेजारणीकडे जाते, नाहीतर शिकवणी लावते. जिला वेळ नाही ती थोरल्या मुलीला हाक मारते. दहा वर्षांची मुलगी स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून धाकट्या भावाची टोपी कापत बसते, आणि भाऊ ती घालून कप्तान होतो. रंगीत प्रिंटचे पैसे वेगळेच. एवढे करून ग्रुपवर जो फोटो जातो, तो मुलाच्या शिकण्याचा राहत नाही, आईची परीक्षा होतो. जिचा फोटो गेला नाही तिला सासू ऐकवते, शाळा ऐकवते, आणि हळूहळू ती स्वतःलाच ऐकवू लागते : माझे लेकराकडे लक्ष नाही.

यात निदान एक घर तरी गृहीत आहे. पण आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर किती टोळ्या ऊसतोडीला निघतात! नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. पहाटेच्या थंडीत आई मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहते, आणि तिचे चार वर्षांचे लेकरू बांधावर पाचटात बसलेले असते. 'घरी करायचे उपक्रम' त्याच्या कोपीत कोणी करायचे? घरचे शिक्षण ही सोय आहे असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. ज्याचे घर भक्कम, आई शिकलेली आणि मोकळी, त्याचे मूल पुढे जाणार; बाकीची पहिलीच्या आधीच मागे पडणार. याला सोय कसे म्हणायचे?

कायदा काय सांगतो तेही पाहू. २००२ मध्ये झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम ४५ बदलले. सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी राज्याची, पण 'प्रयत्न' करण्याची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हणतो. त्याच घटनादुरुस्तीने शिक्षणाबाबत पालकांवर जे मूलभूत कर्तव्य टाकले, तेही सहा ते चौदा वयाचे. म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलाला घरी शिकवण्याचे ओझे आईवर कोणत्याच कायद्याने टाकलेले नाही. सरकारने सोडलेली जागा बाजाराने आणि नर्सरीने तिच्या वेळाने भरून काढली, इतकेच.

हे असेच चालायला हवे होते असे नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. पाने, बिया, खडे, शिंपले हेच त्यांचे साहित्य. आईने घरी शाळा चालवावी असे त्यांनी सांगितले नाही. आई कामावर असताना मूल कोणीतरी जाणत्या बाईने सांभाळावे आणि शिकवावे, अशी सोय केली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. मार्च २०२० मध्ये कोरोनाने तिचे दार बंद झाले आणि उपक्रम मोबाईलवरून घरी येऊ लागले. तेव्हा इलाज नव्हता. पण दार उघडल्यावरही मोबाईलवरून काम घरी ढकलण्याची सवय सुटली नाही, ती खाजगी नर्सऱ्यांनी तर उचलूनच धरली.

अंगणवाडीतली सेविकाही बाईच. तिला पगार नाही, मानधन. तिने पोषण पाहायचे, वजने घ्यायची, नोंदी भरायच्या, आणि उरल्या वेळात शिकवायचे. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. आईचे काम माया म्हणून फुकट आणि सेविकेचे काम सेवा म्हणून स्वस्त. लहान मुलांना शिकवणे हे कसबाचे काम आहे, हे एकदा मान्य केले तर दाम मोजावा लागतो. तो मोजायचा नाही, म्हणून हे सारे.

आता त्या चाच्याकडे वळू, कारण तोही वाटतो तितका निरागस नाही. फुलीचा नकाशा आणि पुरलेला खजिना ही मुख्यतः १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीची देणगी. खरे चाचे काय करत? सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटले. जहाजावरच्या बायकांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफीखानाने ते नोंदवले आहे. एव्हरी कधीच सापडला नाही. पुढे इंग्लंडात त्याच्यावर नाटक निघाले. उलट कोकण किनाऱ्यावर परकी जहाजांकडून दस्तक मागणारे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) इंग्रजांच्या कागदांत चाचे ठरले. कोण लुटारू आणि कोण शूर हे लिहिणाऱ्याच्या बाजूवर ठरते, आणि त्या जहाजावरच्या बायका दोन्हीकडच्या गोष्टींतून गायब होतात. हे चार वर्षांच्या मुलाला सांगावे असे मी म्हणत नाही. पण मुलांना पायरेट आणि मुलींना राजकन्या असे संच विकणाऱ्यांना, आणि ते आंधळेपणाने पुढे पाठवणाऱ्यांना, हे जरूर सांगावे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. तीन ते सहा वर्षांच्या बालकांच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात यावा, 'करू शकेल' या शब्दांवर भागवू नये. अंगणवाडीत शिकवण्यासाठी वेगळी प्रशिक्षित बाई आणि तिला पुरता पगार मिळावा. कारखान्याच्या हंगामात फडाजवळ बालवाडी आणि पाळणाघर असावे. ऊस कारखान्याला लागतो, तर तो तोडणाऱ्यांच्या लेकरांची सोय कारखान्याने करावी. खाजगी नर्सरीने फी घेतली असेल तर उपक्रम नर्सरीतच घ्यावेत. आणि फोटो मागणे बंद करावे.

यावर कोणी म्हणेल, आईने मुलाशी खेळूच नये का? जरूर खेळावे, बापानेही खेळावे. नकाशा काढायचाच तर आपल्या दारापासून रेणुकादेवीच्या देवळापर्यंतचा काढा. वाटेत हापसा कुठे, रेशन दुकान कुठे, अंगणवाडी कुठे, लेकरू बोट ठेवून सांगेल. चिंचोके मोजा, सागरगोटे खेळा. पण ते आपल्या मर्जीने, आपल्या सवडीने. ज्या दिवशी सवड नसेल त्या दिवशी मनाला लावून घेऊ नका. पुढच्या पालक-सभेत उठून एवढेच विचारा : हे काम तुमचे, ते आमच्या घरी का पाठवता? एकटीने विचारायला भीती वाटत असेल तर चौघी मिळून विचारा.