सूनबाईंची सायकल-सुट्टी



मागच्या आठवड्यात स्थानकात सामायिक झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "तुमची सून म्हणे युरोपात सायकल चालवून आली? एवढे पैसे घालून पाय दुखवायला कशाला जायचं?" बाकीच्या हसल्या, मीही हसले. खरं तर हेच वाक्य मी आमच्या घरात आधीच बोलले होते, तेही याहून चढ्या आवाजात. त्यामुळे उत्तर लिहूनच द्यावं म्हटलं.

मुलगा-सून पुण्याला नोकरी करतात. लग्नाला सहा वर्षं झाली. दोघांची सुट्टी दरवर्षी आमच्याकडे, तिच्या माहेरी आणि कुणाकुणाच्या लग्नांत वाटली जाते. या जूनमध्ये त्यांनी दहा दिवस स्वतःसाठी ठेवले आणि डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर जायचं ठरवलं. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आणि तिथून पुढे स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या. मी कॉमर्सवाली, हिशेब मागितलाच. आमच्या जाऊबाईंनी सात देशांच्या ग्रुप टूरला भरले त्यापेक्षा कमीच निघाला.

मी नेहमीप्रमाणे खाखरे, मेथीचे थेपले, सातू असा डबाभर फराळ केला होता. सूनबाईंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि एकेक वस्तू मोजून अर्ध्याहून जास्त परत ठेवली. "मम्मी, प्रत्येकाला कॅरियरच्या दोनच पिशव्या. जे घेऊ ते चढावर आपणच ओढायचं." मला वाईट वाटलं. परिग्रह परिमाण व्रतावर मी किती प्रवचनं ऐकली असतील, पण माझ्या कपाटाचं दार अजून गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. तिने दोन जोड कपड्यांत दहा दिवस काढले. रोज रात्री कपडे धुवायचं काम चिरंजीवांनी केलं म्हणे. घरी आमच्या त्यांनी कधी रुमाल पिळला नाही.

चौविहाराचं काय, हे तुम्ही विचारणारच. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा चौविहार जालन्यापेक्षा सोपा. अवघड गेला तो बटाटा, सगळीकडे तोच. चीजचंही तसंच, जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, म्हणून तेही बंद. ब्रेड, टोमॅटो, फळं आणि वाखाऊ नावाच्या भागातल्या जर्दाळूचा जॅम, यावर भागलं.

एका देशातून दुसऱ्यात गेल्याचं त्यांना पाटी पाहून कळलं. व्हिसा एक, युरोही तिन्हीकडे एकच. १९८९ पर्यंत ऑस्ट्रिया आणि ब्रातिस्लाव्हाच्या मध्ये काटेरी तारा आणि पहारे होते. हे ऐकताना मला आमच्या सासऱ्यांची आठवण आली. निजामाच्या काळात जालन्याहून देऊळगाव राजाला, म्हणजे इंग्रजांच्या वऱ्हाडात, माल न्यायचा तर वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा आणि वहीत हाली रुपया वेगळा, कलदार वेगळा लिहावा लागायचा. इथून तीसेक किलोमीटरवरची गोष्ट! आज मोसंबीची गाडी भरताना कुणाला त्याची आठवणही नाही.

दुसऱ्या दिवशी समोरून वारा आणि पाऊस. दोघांचं जोरात भांडण झालं. एका बाकावर तासभर न बोलता बसले. तक्रार करायला ना सासू, ना आई. शेवटी उठायचं दोघांनाच, आणि गाठायचं गाव एकच. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. शिखरजी झालं, पालिताणा झालं, पण प्रत्येक वेळी बसमध्ये चाळीस माणसं. आम्ही दोघंच कधी कुठे गेलो नाही, आणि असं जावं हे सुचलंही नाही. ताई, पाय दुखवायला कशाला जायचं याचं माझं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं त्या वाटेबद्दल आहे. पूर्वी तिथे घोडे काठावरून चालत आणि दोरखंडाने नावा प्रवाहाविरुद्ध ओढत. घोडे गेले, पण ती पायवाट त्यांनी मोडली नाही. बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळी अशी ती सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना दिली. सूनबाई म्हणाल्या, सत्तरीच्या आजी-आजोबांच्या जोड्या आम्हाला मागे टाकून जायच्या.

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आपल्या महासतीजी आल्या. शेषकाळात पहाटे विहाराला निघतात, हायवेच्या पांढऱ्या पट्टीवरून, बाजूने ट्रक. विहारात साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, एक लोगस्सचा काउसग्ग करतो आणि कामाला लागतो. विहारसेवेची मुलं पुढेमागे चालतात त्यांना धन्य म्हणावं, पण ट्रकपुढे ती तरी काय करणार? आपल्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. त्यावर पायी चालायला, सायकलला, दुचाकीलासुद्धा मनाई आहे. वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मग हळू जाणाऱ्याने जायचं कुठून? मानव विकास योजनेत खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्याही त्याच पांढऱ्या पट्टीवर.

मी १९८१ साली, जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, बी.कॉम. झाले. कॉलेजला सायकलनेच जायचे. आज नातीला मी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा सायकलने पाठवत नाही.

काही गोष्टी मला पटल्या नाहीत, त्याही सांगते. एवढा विमानाचा प्रवास करून मग सायकलचं कौतुक, यात गडबड आहेच. पावसात वाटेवर गोगलगायी फार होत्या म्हणे. चुकवल्या तितक्या चुकवल्या. एकीने दिग्व्रताची आठवण दिली, दिशांची मर्यादा. शास्त्रावर बोलायचा माझा अधिकार नाही, मी फक्त एवढं मागितलं होतं की आषाढ चौदशीच्या आत परत या. आले.

आपल्या महिला मंडळाच्या शिल्लक रकमेतून या वर्षी पुन्हा हॉलला रंग द्यायचं चाललं आहे. मी पुढच्या बैठकीत वेगळा विषय मांडणार आहे. विहाराच्या नेहमीच्या रस्त्यांवर कडेला चालण्याची पट्टी मिळावी म्हणून बांधकाम खात्याला अर्ज, सोबत गावोगावच्या शाळांतल्या मुलींच्या आयांच्या सह्या. अर्ज लिहून तयार आहे. मुलींच्या आयांना भेटायला माझ्यासोबत कोण येतंय, तेवढं कळवा.