सात दिवस गावात राहू द्या

गेल्या डिसेंबरात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात माळावर सलग समतल चर खोदायचं काम होतं. रुंदी साठ सेंटिमीटर, खोली तीस. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या तळहाताला अर्ध्या तासात फोड आले. पाणी प्यायला ती खालच्या वस्तीवर गेली. आजींनी तांब्या दिला आणि सहज म्हणाल्या, "बेतानं पी गं पोरी, नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं." तिनं अर्धा तांब्या तसाच परत केला. रात्रीच्या गटचर्चेत तिनं एकच प्रश्न धरून ठेवला, "सर, चौथ्याच दिवशी का?" सकाळी तिच्यासह चौघं ग्रामसेवकांना विचारायला गेली.

ही तीच मुलगी, जिच्या हातातला फोन वर्गात सुटत नसे.

आजची पोरं बेफिकीर झालीत, असं स्टाफरूममध्ये रोज कानावर येतं. मला ते पटत नाही. एका मिनिटात त्यांच्या डोळ्यांपुढून महापूर जातो, मग लग्नातला नाच, मग शेतकऱ्याची आत्महत्या, मग खमंग मिसळ. काळीज दहा वेळा हलतं आणि कुठेच थांबत नाही. पोस्ट पुढे पाठवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यातच उठून जायची ऊर्मी विरून जाते. फोनला मी शत्रू मानत नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीला मदत पोचवताना याच फोनवरच्या ग्रुपांचा केवढा आधार झाला! पण टेंपोत पोती चढवायला शेवटी खांदेच लागले, आणि त्या खांद्यांना सवय कुठेतरी लागलेली असावी लागते.

ती सवय लावण्यासाठीच गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. फोनवरची स्टोरी मात्र चोवीस तासांत पुसली जाते.

आणि नेमकं हे शिबिरच आता आक्रसत चाललंय. माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात ते सकाळी बसनं जाऊन संध्याकाळी परतण्यावर आलं. बॅनर धरला, झाडू हातात घेतला, फोटो अपलोड केले, अहवाल तयार! मुलांना दहा गुण मिळाले. त्या गावातल्या एकाही माणसाचं नाव त्यांना सांगता आलं नाही.

प्राचार्य महोदय, वेळापत्रक कितीही दाटलं तरी मुक्काम काढू नका, हात जोडून सांगतो. पालकांनो, विशेषतः मुलींच्या आईबाबांनो, काळजी वाटणारच. एकदा येऊन शाळेच्या वर्गात त्या कशा झोपतात ते बघून जा, पण पाठवा. सरपंचांनो, आमच्या पोरांना फक्त हारतुऱ्यांच्या कार्यक्रमाला बोलावू नका. ग्रामसभेत बसवा, घराघरांत जेवायला न्या.

आणि पोरांनो, यादी लागली की पहिल्याच दिवशी नाव द्या. अंथरूण-पांघरूण, ताट, वाटी, पेला आणि एक जुना शर्ट एवढंच घ्या. फोन आणलात तरी चालेल. चार्जिंगचा बोर्ड मात्र एकच आहे.