कात टाकली म्हणे!

हल्ली ज्याला त्याला कात टाकायची घाई झालेली आहे. बसस्टँडला नवा रंग दिला की स्टँडने कात टाकली. लोगो निळ्याचा भगवा केला की कंपनीने कात टाकली. वर्तमानपत्रांपुरतं हे चाललं होतं तोवर मी गप्प होतो. पण मध्यंतरी एका कंपनीच्या (नाव नको, उगाच कशाला!) स्लाइडवर माणसं कमी करण्याच्या बेताला चक्क 'ऑर्गनायझेशनल एक्डिसिस' असं बारसं केलेलं पाहिलं आणि डोकं सटकलं.

एक्डिसिस हा शब्द बऱ्याच जणांच्या वाटेला कधी जात नाही, म्हणूनच तो स्लाइडवर शोभतो. मूळ ग्रीक. अर्थ सरळ: अंगावरचं उतरवणे, कपडे काढणे. जीवशास्त्राने तो उचलला आणि साप, किडे, खेकडे यांच्या कात टाकण्याला लावला. १९४० साली अमेरिकेत गंमतच झाली. जॉर्जिया सदर्न नावाच्या स्ट्रिपटीज कलावतीने एच. एल. मेन्केन या पत्रकाराकडे आपल्या पेशासाठी जरा भारदस्त शब्द मागितला. त्याने याच शब्दावरून 'एक्डिसियास्ट' घडवून दिला. आता बघा, भारदस्त नाव घेऊनही त्या बाईंनी कुणाला फसवलं नाही. काय उतरवलं जातंय हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. स्लाइडवाल्यांचं तसं नाही. त्यांना शब्द हवाय तो झाकायला.

बरं, शब्द वापरायचाच तर निदान प्राणी काय करतो ते तरी बघा.

पहिली गोष्ट, एक्डिसिस ही शेवटची पायरी आहे. किड्याचं जुनं कवच आधी आतल्या पेशींपासून सुटतं. त्याला वेगळा शब्द आहे, अ‍ॅपोलिसिस. मग खाली नवं कवच तयार होऊ लागतं आणि ते तयार झाल्यावरच जुनं फुटतं. सापाचंही तेच. जुन्या थराखाली नवा थर तयार होत असतो, तेव्हा डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, गडी कोपऱ्यात पडून असतो. मग नाक कुठेतरी घासून तो मोजा उलटा काढावा तशी कात काढतो, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट. आपल्याकडे काय होतं? जुनी सिस्टिम शुक्रवारी बंद, नवी 'लवकरच'. सापाने असं केलं असतं तर सोमवारी मुंग्यांनी खाल्ला असता.

दुसरी गोष्ट. किडा जुन्या कवचाचा आतला भाग पचवून घेतो आणि त्यातला माल नव्या कवचासाठी वापरतो. टाकतो ते उरलेलं टरफल. म्हणजे आधी नॉलेज ट्रान्स्फर, मग निरोप! इकडे पंधरा वर्षं बिलिंग मॉड्यूल सांभाळणाऱ्या माणसाचा अ‍ॅक्सेस सकाळी दहाला बंद होतो आणि दुपारी तीनला लोक विचारतात, "हा जॉब रात्री कोण चालवायचं?"

तिसरी गोष्ट, घाई चालत नाही. रेशीमअळी कोष करण्याआधी चार वेळा कात टाकते. त्या काळात ती खात नाही, डोकं वर करून निश्चल राहते, आणि रेशीमशेती करणारा शेतकरी तेव्हा तुतीचा पाला टाकत नाही, तिला त्रास देत नाही. याच रेशीमकिड्याच्या ५०० किलो कोषांतल्या किड्यांपासून बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ साली कात टाकायला लावणारं संप्रेरक, एक्डिसोन, शुद्ध रूपात वेगळं केलं. हाती आलं २५ मिलिग्रॅम! एवढ्याशा संकेतावर हे सगळं वेळच्या वेळी होतं. त्यात क्वार्टरचे आकडे बघून तारीख ठरत नाही.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. सापाची कात मेलेली असते. ती त्याचं अंग राहिलेली नसते, म्हणून टाकताना रक्त येत नाही. २०२२-२३ मध्ये आयटीतल्या हजारो लोकांना एका ईमेलवर घरी बसवलं गेलं. ती माणसं मेलेली त्वचा होती? त्यांच्या होम लोनचे हप्ते चालू होते, मुलांच्या शाळा चालू होत्या. जिवंत भाग कापून टाकण्याला कात टाकणं म्हणत नाहीत. त्याला कापणं म्हणतात. मराठीत त्यासाठी 'कपात' असा स्वच्छ, कडू शब्द आहे. तो वापरा ना.

यावर कुणी म्हणेल, अरे बाबा, रूपक आहे, एवढं काय मनावर घेतोस? रूपकाला माझा विरोध नाहीच. पण रूपक अर्धवट उचललं की ते खोटं बोलायला लागतं. कात टाकण्यातला नवेपणा तेवढा घ्यायचा आणि त्याआधीचं आंधळं पडून राहणं, जुन्याचा वापर, वाट बघणं सोडून द्यायचं, हे कुठलं? खेकडा तर कात टाकल्यावर काही काळ मऊ, असहाय असतो, बिळात दडून राहतो. प्रेस रिलीज काढत नाही.

आणखी एक. कात टाकून नागाची धामण होत नाही, नागच राहतो, जरा चकचकीत. तेव्हा बसस्टँडचा रंग ही कात म्हटली तर शब्द एका अर्थी बरोबरच बसतो म्हणा! आतलं सगळं तेच.

असो. मोठे शब्द जरूर शिका, मलाही आवडतात. पण पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'एक्डिसिस' म्हणालं तर हात वर करा आणि एवढंच विचारा: नवी त्वचा तयार आहे का? आणि जी टाकताय, ती खरंच मेली आहे का?