पॅटन पेट्रोलमुळे हरले नाहीत




पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पेट्रोलवर चालत, म्हणून ते असल उत्तरच्या लढाईत पेटले आणि हरले, असे गेल्या अंकातल्या १९६५ च्या युद्धावरच्या लेखात म्हटले आहे. लष्कराच्या कार्यशाळेत रणगाड्यांची इंजिने खोलण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हे वाचून गप्प बसवले नाही.

पॅटन पेट्रोलवर चालत हे खरे. पण आपले सेंच्युरियन कशावर चालत होते? तेही पेट्रोलवरच. त्यांचे रोल्स-रॉइस मीटिऑर इंजिन मर्लिन या विमानाच्या इंजिनावरून बनवलेले. पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांची पूना हॉर्स रेजिमेंट सेंच्युरियनवरच लढत होती. असल उत्तरला पॅटन पाणी सोडलेल्या शेतांत रुतले. उसाच्या आडून आपल्या रणगाड्यांनी आणि अब्दुल हमीद यांच्यासारख्या जवानांनी त्यांना टिपले. त्या माणसांचे श्रेय इंधनाच्या खात्यावर लिहू नये.

डिझेल पेटत नाही, हा समजही अर्धाच खरा. नव्या पोरांना मी ट्रेमधल्या डिझेलमध्ये पेटता बोळा टाकून दाखवायचो. तो विझायचा. मग तेच डिझेल टेस्टरवर नोझलमधून मारायचो. धुक्यासारखा फवारा निघाला की विचारायचो, आता याच्याजवळ काडी नेशील का? गोळा टाकी फोडतो तेव्हा आतले डिझेल त्या फवाऱ्यासारखे उडते. रशियाच्या टी-३४ मध्ये तर टाक्या जवानांच्या बाजूलाच होत्या. रणगाडा जळतो तो मुख्यतः आतल्या दारूगोळ्यामुळे. अमेरिकेच्या शर्मनचा अनुभव पाहा. गोळे कोरडे ठेवलेले असताना मारा बसलेल्यांपैकी ६० ते ८० टक्के जळत. गोळ्यांभोवती पाण्याचे कप्पे केल्यावर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. बहुतेक शर्मनमध्ये इंधन तेव्हाही पेट्रोलच होते.

मग डिझेलने दिले काय? मजल दिली. पहिला एम-४८ पॅटन एका टाकीत जेमतेम ११० किलोमीटर जाई. टाक्या वाढवून डिझेल इंजिन बसवलेला एम-४८ए३ सुमारे ४८० किलोमीटर जाऊ लागला. इंधनाचा ट्रक मागे राहिला की तोफ कितीही मोठी असो, रणगाडा जागीच उभा. युद्धात याची किंमत काय असते, हे पुरवठा सांभाळलेल्या कुणालाही विचारा.

रणगाड्यासाठी डिझेल इंजिन घडवणे सोपे नव्हते. खारकोव्हमध्ये तयार झालेले १२ सिलिंडरचे, ५०० अश्वशक्तीचे व्ही-२ हे टी-३४ चे काळीज. त्याच्या निर्मितीचे प्रमुख कॉन्स्टँटिन चेल्पान यांना स्टालिनच्या राजवटीने १९३८ मध्ये गोळी घातली. इंजिन मात्र टिकले. आपल्या टी-७२ मधले ७८० अश्वशक्तीचे आणि टी-९० मधले १००० अश्वशक्तीचे इंजिन त्याच घराण्यातले. सिलिंडरचा व्यास आजही तोच, १५० मिलिमीटर. ऐंशीहून अधिक वर्षे एकच रचना सुधारत नेली, म्हणून ते साधले.

आपण तेवढा धीर धरला नाही. अर्जुन रणगाडा आपला, पण त्यातले १४०० अश्वशक्तीचे इंजिन जर्मन. १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी मैसूरला झाली ती मार्च २०२४ मध्ये. त्यानंतर वर्षभरातच टी-७२ साठी १००० अश्वशक्तीची इंजिने घ्यायला रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार करावा लागला. तो करताना तंत्रज्ञानही मागून घेतले, हे बरे झाले. पण मैसूरच्या इंजिनाला आता पुढची वीस वर्षे पैसा आणि माणसे सलग मिळाली पाहिजेत. मध्येच हात आखडला तर पुन्हा परक्या दारात उभे राहावे लागेल.

संपादक महोदय, तोफांच्या चाचण्यांच्या बातम्या आपण ठळक छापता, तशा मैसूरच्या इंजिनाच्याही छापा. आणि वाचकहो, नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना न्याल तेव्हा पॅटनपुढे फोटो काढून परतू नका. तिथे जपानचा छोटा हा-गो आहे. १९३५ चा तो रणगाडा मित्सुबिशीच्या डिझेल इंजिनावर चालायचा. मुलांना त्याच्या मागच्या बाजूला घेऊन जा. इंजिन तिथे असते.

— एक निवृत्त लष्करी वाहन-यांत्रिक, सातारा