ओलाव्याचा आकडा शेतकऱ्यालाही कळावा

जमिनीतील ओलावा व पाण्याचे चलनवलन यांचा अभ्यास करणारा पदव्युत्तर विद्यार्थी गावात येतो, तेव्हा त्याच्याजवळ एक गिरमिट व झाकणाच्या काही डब्या असतात. निरनिराळ्या खोलीवरची माती तो काढतो, ओली असतानाच तोलतो आणि १०५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे २४ तास वाळवून पुन्हा तोलतो. घटलेले वजन म्हणजे पाणी. पुढे हे आकडे प्रबंधात जातात. ज्याच्या शेतातील माती नेली त्याला मात्र त्यांचा पत्ताही लागत नाही. ही रीत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोलापूर भागातील रब्बी ज्वारीचेच पाहा. हे कोरडवाहू पीक मुख्यत्वे पावसाळ्यात भारी जमिनीने साठविलेल्या ओलीवर वाढते. ती ओल किती उरली, हे वरच्या मातीवरून कळत नाही. वर फुफाटा असून खाली गारवा असू शकतो.

तथापि नुसता शेकडा आकडा सांगणेही उपयोगाचे नाही. काळ्या मातीचे सूक्ष्म कण पाण्याचा मोठा हिस्सा इतका घट्ट धरून ठेवतात की तो मुळांना ओढता येत नाही. म्हणून ज्या ओलाव्यावर हलक्या जमिनीतील पीक हिरवे राहते, त्याच ओलाव्यावर भारी जमिनीतील पीक माना टाकते. समजा, ३० सेंटीमीटर थरात वजनाने २५ टक्के ओलावा आहे, पीक १८ टक्क्यांवर कोमेजते आणि मातीची घनता १.२ आहे. तर पिकाच्या वाट्याचे पाणी सुमारे २५ मिलीमीटर, म्हणजे हेक्टरी अडीच लाख लिटर झाले. पिकाला रोज ५ मिलीमीटर लागत असेल, तर त्या थरातील ही शिल्लक पाच दिवसांची! विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असणाऱ्याला ते आज द्यावे की आठवड्याने, हे ठरविण्यास असा हिशेब हवा. आठव्या आठवड्यातील दातेरी कोळप्याची पाळी चुकविल्यास भेगांवाटे काय उडून जाते, हेही त्यातून पटेल.

प्रबंध पुरा होण्याआधी आकडे बाहेर देऊ नयेत, असा आक्षेप येईल. निष्कर्ष हवे तर मागाहून द्यावेत; मोजलेली ओल मात्र त्याच आठवड्यात सांगावी. हंगाम परीक्षकांसाठी थांबत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. अभ्यासकाला नेहमी रस्त्याकडेच्या, चांगल्या बांधबंदिस्तीच्या शेतातच नेऊ नका. उताराच्या वरच्या अंगाला, जेथून पाऊस वाहून जातो, तेथील एक शेतही त्याला दाखवा. माती तोलून झाली की तारीख, खोली, जमिनीचा प्रकार व पिकास मिळू शकणारे पाणी मिलीमीटरमध्ये, एवढे चार रकाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्याच्याकडूनच लिहवून घ्या.